आधी फळ, मग ज्यूसर

कलिंगडात साधारण ९२ टक्के पाणी असते, गाजरात ८८ टक्के. आकडे इतके जवळचे असूनही कलिंगडाची फोड नुसती दाबली तरी रस मनगटापर्यंत ओघळतो आणि गाजर कितीही आवळले तरी थेंब निघत नाही. फरक पाण्याचा नाही, ते पाणी कशात कोंडलेले आहे त्याचा आहे. फळाच्या किंवा कंदाच्या प्रत्येक पेशीत एक मोठी पोकळी असते. तिच्यातल्या पाण्यात साखर, आम्ले, क्षार आणि काही जीवनसत्त्वे विरघळलेली असतात. रस म्हणतात तो हाच. त्याभोवती सेल्युलोज आणि पेक्टिनची भिंत असते. कलिंगडाच्या पेशी मोठ्या आणि पातळ भिंतींच्या, गाजराच्या लहान, दाट आणि जाड भिंतींच्या. रस काढणे म्हणजे या भिंती फोडणे आणि फुटलेल्या भिंतींचा चोथा रसापासून वेगळा करणे. बाजारातले सगळे ज्यूसर ही दोनच कामे करतात. कोणी किसून, कोणी चिरडून, कोणी पिळून. म्हणूनच यंत्र किती वॉटचे आणि केवढ्याचे हे नंतर पाहायचे. घरात रस प्रामुख्याने कशाचा निघणार आहे, हे आधी ठरवायला हवे. ते न ठरवता आणलेला ज्यूसर चार-दोनदा चालतो आणि मग माळ्यावर जातो.

या दृष्टीने पाहिले तर फळांचे आणि भाज्यांचे ढोबळ गट पडतात. लिंबू, मोसंबी, संत्रे यांचा गट पहिला. यांत निसर्गाने रस आधीच लांबट पिशव्यांत भरून ठेवलेला असतो. त्या पिशव्या दाबाने फुटतात, किसण्याची गरज नसते. सफरचंद, गाजर, बीट, आवळा, अननस ही कडक किंवा तंतुमय मंडळी दुसऱ्या गटातली. यांना आधी बारीक करावेच लागते. तिसरा गट पालक, पुदिना, कोथिंबीर, गव्हांकुर अशा पानांचा. यांत रस कमी आणि तंतू चिवट. चौथ्या गटातल्या आंबा, केळे, पपई, चिकू यांचा रस निघत नाही, गर निघतो. हा गर ज्यूसरच्या जाळीला चिकटून बसतो आणि यंत्रातून बाहेर येते ते थोडेसे चिकट पाणी. आमरसासाठी ज्यूसर घेणे व्यर्थ आहे. तिथे हाताने माचवणे, पुरणयंत्रातून काढणे किंवा मिक्सरमधून फिरवणे हेच योग्य. डाळिंब आणि द्राक्षे या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. त्यांच्याकडे पुढे वळायचे आहे.

लिंबूवर्गीय फळांसाठी सर्वात जुने साधन आजही सर्वात चांगले आहे. मधोमध खाचा पाडलेला घुमट आणि भोवती रस साठवणारी वाटी, अशी काचेची, स्टीलची किंवा प्लॅस्टिकची पिळणी. अर्धे कापलेले फळ घुमटावर दाबून फिरवले की पिशव्या फुटतात, बिया वर राहतात आणि साल हातात उरते. याचेच मोठे रूप म्हणजे लांब दांड्याचा हातदाबाचा ज्यूसर. तो ओट्यावर ठेवतात, दांडा खाली ओढला की मोसंबीची वाटी एका दाबात रिकामी होते. विजेवर चालणाऱ्या सिट्रस ज्यूसरमध्ये तोच घुमट मोटर फिरवते. २५ ते ४० वॉट एवढी छोटी मोटर त्याला पुरते. फळ दाबले की तो सुरू होतो, उचलले की थांबतो. अ‍ॅल्युमिनियमचे हातदाब यंत्र घेतले असेल तर एक काळजी घ्यावी. आंबट रस या धातूशी संयोग पावतो, म्हणून काम झाल्यावर ते लगेच धुऊन पुसून ठेवावे आणि रस त्यात साठवून ठेवू नये.

मोसंबीच्या रसाचा एक अनुभव घरोघरी येतो. काढताना गोड लागलेला रस तासाभराने कडवट होतो. याचे कारण सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात, फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत आहे. त्यांत एक असे द्रव्य असते की ते स्वतः कडू नसते, पण आंबट रसात मिसळले की हळूहळू त्याचे लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होते. पांढरा थर जितका जास्त खरवडला जाईल, बिया जितक्या जास्त भरडल्या जातील, तितका हा कडवटपणा वाढतो. पिळणीवर फळ फार जोर लावून शेवटपर्यंत घासू नये, हे स्वयंपाकघरातले शहाणपण याच रसायनावर उभे आहे. सोललेली मोसंबी बियांसकट जाळीच्या ज्यूसरमध्ये टाकली की रस थोडा जास्त मिळतो, पण चव बिघडते. नागपुरी संत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याची साल सैल, आत पोकळी. अर्धे कापून घुमटावर फिरवले की फोडी सालीपासून सुटून घसरतात आणि रस अर्धवट निघतो. संत्रे सोलून, फोडींतल्या बिया काढून मंद गतीच्या ज्यूसरमध्ये (त्याची ओळख पुढे येते) घातले तर काम चोख होते. विदर्भातल्या ज्या घरात मृग बहाराच्या हंगामात संत्र्यांची पेटीच येते, त्या घराने हा फरक लक्षात घ्यावा. घट्ट सालीच्या मोसंबीला पिळणी, सैल सालीच्या संत्र्याला मंद गतीचा ज्यूसर.

दुसऱ्या गटासाठी भारतीय घरांत सर्वाधिक दिसणारे यंत्र म्हणजे ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडर. मुळात आपल्याकडे घरात आधी मिक्सर आला. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथूर यांनी चटणी, मसाले आणि डाळ-तांदूळ वाटण्याचा ताण सोसेल अशी मोटर घालून सुमीत मिक्सर बनवला आणि पाट्या-वरवंट्याचे काम हलके झाले. त्याच मोटरीवर ज्यूसरचे भांडे बसवण्याची सोय नंतर रुळली. या भांड्याचे झाकण काढून पाहिले तर तळाशी एक गोल चकती दिसते. तिच्यावर किसणीसारखे बारीक, धारदार दात असतात. चकतीच्या कडेने वर उघडत जाणारी, बारीक छिद्रांची स्टीलची जाळी. वरून पुशरने गाजर ढकलले की दात त्याचा क्षणात कीस करतात आणि तो कीस वेगाने बाहेरच्या बाजूला फेकला जातो. रस छिद्रांतून पार होतो, चोथा जाळीवर चढत जाऊन मागच्या डब्यात पडतो. जाळीची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १०,००० फेरे धरला तर कडेला असलेल्या कणावर गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पटींहून अधिक जोर येतो. या जोरामुळेच गाजरासारखा घट्ट कंद अर्ध्या मिनिटात रस देतो.

या पद्धतीला अपकेंद्री किंवा सेंट्रिफ्यूगल म्हणतात. तिचे गुण सरळ आहेत. वेळ कमी लागतो, किंमत आवाक्यात, फळे फार बारीक चिरावी लागत नाहीत आणि मिक्सरची भांडी सोबत मिळतात. दोषही त्याच वेगातून येतात. रसात हवा खूप मिसळते आणि वर जाड फेस येतो. आवाज मोठा असतो. पानांचा रस जवळजवळ निघत नाही, कारण पालकाची पाने दातांत न अडकता तशीच डब्यात उडतात. पाने याच यंत्रातून काढायचीच असतील तर त्यांची घट्ट गुंडाळी करून दोन सफरचंदाच्या फोडींच्या मध्ये घालावी, तेवढाच उपाय. चोथा ओलसर राहतो. यंत्र किती रस सोडून देते हे पाहण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. डब्यातला मूठभर चोथा हातात घेऊन पिळावा. धार लागली तर जाळी बुजली आहे, दात बोथट झाले आहेत किंवा फळ फार घाईने ढकलले गेले आहे. नुसते तळहात ओले झाले तर यंत्र आपले काम करते आहे.

मंद गतीचा म्हणजे स्लो किंवा कोल्ड प्रेस ज्यूसर वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्यात पाते नसते. जाड, पीळदार स्क्रू मिनिटाला साधारण ४० ते ८० फेरे या गतीने फिरतो. वरून आलेला तुकडा स्क्रू आणि जाळीच्या भिंतीमध्ये सापडतो, खाली सरकतो तशी जागा अरुंद होत जाते आणि तो चिरडून पिळला जातो. रस एका तोंडातून येतो, चोथा दुसऱ्यातून. चोथ्याच्या तोंडाशी रबराची एक छोटी अडवण असते. ती चोथा थोडा रोखून धरते, म्हणून दाब वाढतो. ही अडवण उलटी बसली किंवा सैल झाली की चोथा ओला येऊ लागतो आणि यंत्र बिघडले असे वाटते. दक्षिण कोरियातल्या ह्युरोम कंपनीने उभ्या स्क्रूचा ज्यूसर लोकप्रिय केला आणि आज भारतीय बाजारातले बहुतेक स्लो ज्यूसर त्याच घडणीचे आहेत. आडव्या स्क्रूचे यंत्र ओट्यावर जास्त जागा अडवते, पण पानांसाठी ते उभ्यापेक्षा सरस. गव्हांकुराचा रस रोज घेणाऱ्यांसाठी हाताने फिरवायचे आडवे यंत्रही मिळते. एका माणसाच्या घोटभर रसाला ते पुरते आणि त्याला वीजही लागत नाही.

स्लो ज्यूसरच्या रसाला फेस कमी असतो, रंग गडद असतो आणि तो थरांत लवकर फाटत नाही. चोथा कोरडा निघत असल्याने पालेभाज्या, आवळा, आले, गाजर यांचा रस जास्त मिळतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो. फळे बोटाएवढ्या तुकड्यांत चिरायची, तुकडे एकामागून एक सोडायचे, मध्ये अडकले तर उलट्या दिशेने फिरवण्याचे बटण दाबून मोकळे करायचे. अननसाचा दांडा, आल्याचे आणि सेलरीचे लांब दोरे स्क्रूभोवती गुंडाळले जातात, म्हणून ते आडवे कापूनच घालावेत. मऊ फळ आणि कडक फळ आळीपाळीने घातले की कडक फळाचा चोथा मऊ फळाचा गर पुढे ढकलतो आणि जाळी मोकळी राहते. नुसती पिकलेली पपई किंवा नुसते मऊ सफरचंद घातले तर लगदाच बाहेर येतो.

कोल्ड प्रेसच्या जाहिरातीत दोन गोष्टी ठासून सांगितल्या जातात. वेगवान यंत्राच्या उष्णतेने पोषक द्रव्ये आणि विकरे (एन्झाइम) मरतात, आणि रसात मिसळणाऱ्या हवेने ती झिजतात; मंद यंत्रात ती टिकतात. यातली उष्णतेची गोष्ट घरगुती वापरापुरती पटणारी नाही. अर्ध्या मिनिटात जाळीतून गेलेला रस फार तर काही अंशांनी कोमट होतो. विकरे निकामी व्हायला त्याहून कितीतरी जास्त तापमान लागते. शिवाय फळातली विकरे जठराच्या आम्लात तशीही पचून जातात, त्यांच्यासाठी यंत्र निवडण्यात अर्थ नाही. हवेची गोष्ट मात्र खरी आहे. पेशी फुटली की आतली विकरे आणि हवेतला प्राणवायू एकत्र येतात. सफरचंदाचा रस काही मिनिटांत तपकिरी पडतो तो यामुळे, आणि क जीवनसत्त्वही याच प्रक्रियेत झिजत जाते. वेगवान यंत्रात हवा जास्त मिसळते, त्यामुळे हा बदल लवकर सुरू होतो. पण रस काढल्याबरोबर प्यायला तर दोन यंत्रांतला फरक लहान राहतो. चार थेंब लिंबू पिळले की रंग बराच काळ टिकतो. फरक जाणवतो तो रस सकाळी काढून दुपारी पिणाऱ्यांना, आणि त्यांच्यासाठी स्लो ज्यूसर खरोखर उपयोगाचा आहे.

पिळण्याच्या पद्धतीचे सर्वात भक्कम रूप म्हणजे किसून दाबणारे यंत्र. अमेरिकेत १९३० च्या दशकात नॉर्मन वॉकर यांनी नॉरवॉक नावाचे यंत्र आणले. त्यात भाजी आधी भरडली जाते, मग कापडात बांधून प्रचंड दाबाखाली पिळली जाते. कच्च्या रसाचा ध्यास असलेले लोक आजही त्याच घडणीच्या यंत्रांवर मोठी रक्कम खर्च करतात. पण त्यामागचे तत्त्व घरातल्या मिक्सरला आणि मलमलच्या फडक्यालाही लागू होते. बीट, गाजर किंवा कलिंगड मिक्सरमध्ये थोड्या पाण्यासह फिरवावे, धुतलेल्या फडक्यात ओतावे, पुरचुंडी बांधून पिळावे. बारीक करणे हेच अवघड काम असते आणि ते मिक्सरने केलेले असते. एकदा पेशी फुटल्या की उरलेले काम हाताच्या दाबानेही भागते. २०१६ साली अमेरिकेत जुसेरो नावाचे ६९९ डॉलरचे यंत्र बाजारात आले होते. चिरलेल्या फळभाज्यांच्या बंद पिशव्या ते दाबून रस काढत असे. पुढच्याच वर्षी ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी त्या पिशव्या नुसत्या हाताने पिळून जवळजवळ तेवढाच रस काढून दाखवला आणि काही महिन्यांत कंपनी बंद पडली. आठवड्यातून एखादे वेळी रस करणाऱ्या घराला मिक्सर आणि फडके पुरेसे आहे, हे कोणताही दुकानदार सांगणार नाही, म्हणून इथे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे.

डाळिंब आणि द्राक्षे मिक्सरमध्ये फिरवून गाळण्याच्या या पद्धतीलाच चांगली साथ देतात, पण बेताने. डाळिंबाच्या दाण्यातली बी फुटली की रस तुरट होतो. म्हणून दाणे मिक्सरमध्ये सलग न फिरवता दोन-तीनदा फक्त क्षणभर चालू-बंद करावे. दाणे फुटतात, बिया शाबूत राहतात, आणि गाळणीवर चमच्याने दाबले की गडद लाल रस खाली येतो. सोलापूर-सांगलीकडच्या भगवा जातीच्या डाळिंबाची बी मऊ असल्याने त्याचा रस अशा रीतीने सुरेख निघतो. स्लो ज्यूसरमध्येही डाळिंब चालते, मात्र बियांचा चुरा जाळीत बसतो आणि धुताना ब्रशने बराच वेळ घासावे लागते. अपकेंद्री ज्यूसरमध्ये डाळिंब घालू नये.

काही गोष्टींसाठी घरगुती ज्यूसर बनवलेलाच नसतो. ऊस त्यातला पहिला. रसवंतीगृहातल्या चरकाचे लोखंडी रोलर उसाचे तंतू चेपून सपाट करतात. घरच्या प्लॅस्टिकच्या स्क्रूला ते बळ नाही, आणि उसाच्या कांड्यांनी स्क्रू तडकल्यावर वॉरंटीही बहुधा लागू होत नाही. सुके खोबरे, बर्फ, आंब्याची कोय, जर्दाळूची बी यांचेही तसेच. आवळा बी काढूनच घालावा. उलट, कोकणात अमृत कोकम करताना कोणतेच यंत्र लागत नाही. ताज्या रातांब्याच्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत ठेवतात. साखर पेशींतले पाणी बाहेर खेचते आणि काही दिवसांत बरणीत गर्द लाल पाक जमतो. पेशीतला रस बाहेर काढण्याची ही यंत्राविनाची, सर्वात सावकाश वाट म्हणावी लागेल.

दुकानात यंत्र पाहताना वॉटचा आकडा सर्वात मोठ्या अक्षरात दिसतो. वॉट म्हणजे मोटर किती वीज ओढते ते. तिची ताकद कशी वापरली जाते हे त्यातून कळत नाही. १५० ते २५० वॉटच्या स्लो ज्यूसरची मोटर दातचक्रांतून गती कमी करून जोर वाढवते, म्हणून ती गाजर सहज चिरडते. ५०० वॉटची अपकेंद्री मोटर वेगावर चालते. रसाच्या गाड्यांवर हमखास दिसणारा सुजाताचा ९०० वॉटचा मिक्सर मिनिटाला २२,००० फेरे घेतो. दिवसभर चालणाऱ्या धंद्याला तो योग्य, चार माणसांच्या घराला त्याची गरज क्वचितच पडते. वीजबिलाची चिंता दोन्हीकडे सारखीच कमी आहे. ५०० वॉटचे यंत्र ५ मिनिटे चालले तर ०.०४ युनिट लागते, २०० वॉटचे १५ मिनिटे चालले तर ०.०५ युनिट. वॉटपेक्षा तळाच्या लेबलवर लिहिलेली सलग चालवण्याची मर्यादा नीट वाचावी. बरीचशी घरगुती यंत्रे काही मिनिटे चालवून थांबवायची असतात. मोटर तापून आपोआप बंद पडली तर तळाशी लाल बटण असते. ती गार झाल्यावर ते दाबले की यंत्र पुन्हा सुरू होते. घरगुती मिक्सर आणि अपकेंद्री ज्यूसरसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ४२५० हे मानक आहे. आयएसआय चिन्ह पाहूनच यंत्र घ्यावे. झाकण नीट बसल्याशिवाय मोटर सुरू न होणारे कुलूप असायलाच हवे, आणि जिथे लहान मुले आहेत तिथे रुंद तोंडाच्या यंत्राबाबत दुप्पट सावध राहावे. अख्खे सफरचंद जाणाऱ्या नळीत मुलाचा हातही जातो.

ज्यूसर रोज वापरला जाईल की नाही हे ठरते मोरीत किंवा सिंकमध्ये. रस दोन मिनिटांत निघतो, जाळी धुवायला दहा मिनिटे लागतात. जाळीची छिद्रे केसाएवढी बारीक असतात. त्यांत अडकलेला गाजराचा किंवा बिटाचा गर ओला असेपर्यंत नळाच्या धारेखाली उलट बाजूने ब्रश मारला की निघतो. तासभर वाळला तर तो सिमेंटसारखा घट्ट बसतो, आणि मग जाळी कोमट पाण्यात भिजत घालावी लागते. धुतलेली जाळी उजेडाकडे धरून पाहावी. सगळीकडून सारखा प्रकाश आला तर ती स्वच्छ, कुठे काळपट पट्टा दिसला तर तिथली छिद्रे बुजलेली आहेत. पुढच्या वेळी रस तिथूनच कमी मिळणार. यंत्र घेताना म्हणूनच त्याचे भाग दुकानातच सुटे करून पाहावेत. अपकेंद्री ज्यूसरचे झाकण, चकती-जाळी, डबा आणि रसाचे तोंड एवढे चार-पाच भाग निघतात. स्लो ज्यूसरमध्ये स्क्रू, जाळी, फिरणारा सिलिकॉन ब्रश, वाटी, रबरी अडवण असे जास्त भाग असतात आणि ते ठराविक क्रमानेच बसतात. ज्या घरात सकाळी सात वाजता डबे, आंघोळी आणि शाळेची घाई असते, तिथे हे भाग धुण्याचे काम कोणाच्या वाट्याला येणार हे खरेदीआधीच ठरवलेले बरे. बहुतेक घरांत ते एकाच बाईच्या वाट्याला येते आणि दोन आठवड्यांत ज्यूसर खोक्यात परत जातो. गाजर-बिटाचे डाग प्लॅस्टिकवर पडतात. थोडे खाद्यतेल चोळून मग साबणाने धुतले की गाजराचा केशरी डाग बराच फिका होतो.

कोणाला काय योग्य हे इतक्या तपशिलानंतर सांगता येते. घरात मुख्यतः लिंबू-मोसंबीच असेल तर काचेची पिळणी किंवा हातदाब, मोसंबी रोज आणि चार-पाच जणांसाठी असेल तर छोटा विजेचा सिट्रस ज्यूसर. यावर काही हजार जास्त खर्च करण्याचे कारण नाही. गाजर, सफरचंद, बीट आठवड्यातून दोन-तीनदा आणि घाईत हवे असेल तर मिक्सरसोबत येणारा अपकेंद्री ज्यूसर. रोज भाजीपाला, आवळा, आले असलेला रस घेणारे, कमी फेस आणि कोरडा चोथा हवा असणारे, आणि धुण्यासाठी वेळ काढू शकणारे यांनीच स्लो ज्यूसर घ्यावा. त्याची किंमत जास्त असते, पण फळांतून जास्त रस निघत असल्याने रोजच्या वापरात ती काही प्रमाणात वसूल होते. अधूनमधूनच्या वापरात ती वसूल होत नाही. आणि महिन्यातून एकदा पाहुण्यांसाठी कलिंगडाचा रस करणाऱ्यांनी काहीच विकत घेऊ नये.

चांगले यंत्र आले म्हणून रस कितीही प्यावा असे मात्र नाही. एक पेला मोसंबीच्या रसाला तीन-चार फळे लागतात. तीन मोसंबी एका बैठकीत सोलून खाणारा माणूस विरळा, पण तेवढ्यांचा रस दोन घोटांत संपतो. रस काढताना तंतू चोथ्यात जातात आणि साखर रसात उरते. २०० मिलिलिटर रसात ती साधारण १६ ते २० ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच वर्गात धरली आहे. २,००० कॅलरीच्या आहारात अशी एकूण साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमपर्यंत असावी असे त्या सूचना सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारविषयक सूचनांत रसापेक्षा अख्खे फळ खाण्यावर भर दिला आहे. वर्षाखालच्या बाळाला फळांचा रस देऊ नये, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१७ पासूनचा सल्ला आहे. मधुमेह असणाऱ्यांनी आणि मुतखड्याचा त्रास होऊन गेलेल्यांनी रोजचा रस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. पालक आणि बीट यांत ऑक्झलेट भरपूर असते आणि रसाच्या रूपात ते एकदम मोठ्या प्रमाणात पोटात जाते.

दुधीच्या रसाबाबत एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत असायलाच हवी. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये क्वचित वाढतात आणि तेव्हा फळ कडू लागते. भाजीत एखादा घास कडू लागला की ताट बाजूला सरते. रस मात्र औषध म्हणून नाक धरून पूर्ण प्यायला जातो. भारतात अशा कडू रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने यावर सोपा नियम घालून दिला. रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहावा, कडू असेल तर संपूर्ण फळ टाकून द्यावे, कडू रस पिऊ नये, आणि रस प्यायल्यावर उलटी, पोटदुखी किंवा अस्वस्थता जाणवली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. दुधीत आवळा, पुदिना, आले मिसळले की कडवटपणा झाकला जातो, त्यामुळे मिसळण्याआधीच चाखायला हवे. कारल्याचा कडूपणा नैसर्गिक असतो, दुधीचा नसतो.

रस काढल्यावर तो जितक्या लवकर प्यायला जाईल तितका बरा. सालीवरचे जंतू सुरीबरोबर आत जातात आणि रसात ते झपाट्याने वाढतात. फळे सोलणार असलो तरी आधी वाहत्या पाण्यात धुवावीत. उरलेला रस काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे वर हवा राहत नाही, आणि तो त्याच दिवशी संपवावा. दुकानात कोल्ड प्रेस रसाच्या बाटल्यांवर कित्येक आठवड्यांची मुदत असते. त्यातल्या बऱ्याच रसांतले बहुतेक जंतू बाटलीत भरल्यावर वातावरणाच्या सुमारे ६,००० पट दाबाखाली ठेवून मारलेले असतात. घरच्या रसाला ती मुदत लावता येत नाही.

चोथा वाया घालवण्यासारखा नसतो. गाजर-बिटाचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत, पराठ्याच्या कणकेत किंवा कटलेटमध्ये मुरतो, सफरचंदाचा शिऱ्यात. तो त्याच दिवशी वापरावा, कारण तो लवकर आंबायला लागतो. बाकीचा कुंड्यांच्या खतात जातो. खरेदीची पावती आणि वॉरंटीचे कार्ड जपून ठेवताना एक चौकशी आधीच करावी. जाळी, रबरी अडवण आणि पुशर हे झिजणारे भाग सुटे मिळतात का, गावात किंवा जवळच्या शहरात त्या कंपनीचे सेवा केंद्र आहे का. मोटर बरीच वर्षे टिकते, जाळी तितकी टिकत नाही. ज्याची जाळी वेगळी मिळत नाही अशा स्वस्त यंत्रापेक्षा, जाळी सहज मिळणारे थोडे महाग यंत्र घ्यावे.